तिसऱ्या डॉक्टरची सही

सेनगाव तालुक्यातल्या पुसेगावचा पांढऱ्या शिधापत्रिकेचा शेतकरी. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया करून घ्यायची, तर त्याला तपासण्यांच्या कागदांसोबत सातबाराही जोडावा लागे. हिंगोली हा शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांपैकी एक, आणि त्या जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांना योजनेत घेतलं होतं ते याच अटीवर. हृदयाच्या झडपेच्या फायलीत तलाठ्याचा कागद! या फायलींचं मला कित्येक वर्षांचं वेड आहे. रुग्णालयातला योजनेचा मदतनीस, म्हणजे आरोग्यमित्र, नोंद करतो, रुग्णालय पूर्वमंजुरी मागतं, मग कुठल्यातरी शहरात पडद्यासमोर बसलेला, रुग्णाला कधीही न पाहिलेला डॉक्टर ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणतो. हा डॉक्टर कोणाचा माणूस, हाच माझा प्रश्न.

योजनेची कुळकथा वाचकांना ठाऊक आहे. २ जुलै २०१२ रोजी नांदेडसह आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली, नोव्हेंबर २०१३ मध्ये ती हिंगोलीसह राज्यभर गेली, २०१७ मध्ये नाव बदललं, १ एप्रिल २०२० पासून ती आयुष्मान भारतशी जोडली गेली. मला रस आहे तो मधल्या माणसात.

खासगी विम्यात तो टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीसाठी दावे हाताळणाऱ्या मध्यस्थ कंपनीच्या, कार्यालयात बसतो. विमा नियामकाने २००१ मध्ये टीपीएचे पहिले नियम केले, तेव्हा तिच्या संचालकांत निदान एक नोंदणीकृत डॉक्टर हवा अशी अट घातली. २०१६ च्या नियमांनी भांडवलाची किमान मर्यादा एक कोटीवरून चार कोटींवर नेली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दाव्यांची रक्कम किती कापली यावर टीपीएची फी ठरवता येणार नाही, असं बजावलं. दावा नाकारण्याचा अधिकारही टीपीएकडे नाही, तो विमा कंपनीचा. हे नियम मला मनापासून आवडतात. तपासणाऱ्याचं पोट रुग्णाच्या नकारावर चालता कामा नये, हे त्यांत स्पष्ट लिहिलेलं आहे. तरीही टीपीएला पैसे विमा कंपनीच देते. मे २०२४ च्या परिपत्रकाने कंपनीच्या दावा पुनर्विलोकन समितीच्या संमतीशिवाय नकार देता येणार नाही असं ठरवलं, पण ही समितीही कंपनीचीच.

कॅलिफोर्नियात २००१ पासून विमाधारकाला नकाराविरुद्ध बाहेरच्या डॉक्टरांकडे फेरतपासणी मागता येते. तिचा खर्च रुग्णावर पडत नाही. तपासणाऱ्याचं नाव गुप्त राहतं, निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो, आणि रुग्णाची ओळख काढून तो सर्वांना वाचता येईल असा प्रसिद्ध केला जातो. पुढे अमेरिकेच्या संघीय नियमांनी नोकरदारांच्या अनेक आरोग्ययोजनांना किमान तीन तपासणी संस्थांशी करार करून प्रकरणं पाळीपाळीने वाटायला लावली. सोयीच्या संस्थेकडेच फाइल धाडता येऊ नये, यासाठी ही पाळी. अशा बाहेरच्या तपासणीचा व्यवसाय चालवायचा तर त्या-त्या विषयाचे, प्रत्यक्ष रुग्ण पाहणारे डॉक्टर हाताशी हवेत. डॉक्टर आणि रुग्णालय यांचे लागेबांधे आधी तपासायला हवेत, मुदतीचं घड्याळ सतत चालू हवं, आणि फाइल कोणी, केव्हा उघडली याची पुसता न येणारी नोंद हवी.

या नोंदींचं मोल मला कळलं ते ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत मांडलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालातून. आयुष्मान भारतवरच्या या अहवालातला एक आकडा वर्तमानपत्रांनी गाजवला: ९९९९९९९९९९ या एकाच मोबाइल क्रमांकाशी ७,४९,८२० लाभार्थी जोडलेले. माझ्या मते तो त्यातला सर्वांत कमी महत्त्वाचा आकडा. आरोग्य मंत्रालयाने सांगितलं की मोबाइल क्रमांकावरून पात्रता ठरतच नाही, तो केवळ संपर्कासाठी घेतला जातो. उत्तर पटण्यासारखं आहे.

खरा वाद पुढे आहे. आधीच्या रुग्णालयातून सुटी होण्याच्या तारखेपूर्वीच त्याच रुग्णाची दुसरीकडे भरती दिसते, असे ४८,३८७ रुग्णांचे ७८,३९६ दावे लेखापरीक्षकांना सापडले. राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाचं उत्तर होतं, बाळ एका रुग्णालयात जन्मतं, नवजात अतिदक्षतेसाठी दुसरीकडे नेलं जातं, आणि तिथे आईचंच कार्ड चालतं. लेखापरीक्षकांनी रुग्णांची यादी लिंगनिहाय लावली. तीत २३,६७० पुरुष निघाले.

इथे वाद संपला असं मला पहिल्या वाचनात वाटलं. पण मंत्रालयाचा खुलासा आला: पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला आई किंवा वडील, कोणाच्याही कार्डावर उपचार मिळतात. म्हणजे वडील एका रुग्णालयात आणि त्यांच्या कार्डावर मूल दुसऱ्यात, हेही शक्य! आता त्या २३,६७० पैकी किती बाप आणि किती बनावट? आकड्यावरून हे कधीच कळणार नाही. संगणक संशयास्पद तारखा हुडकून देईल, पण शेवटी कोणीतरी फाइल उघडून आतल्या रुग्णाचं वय आणि निदान वाचायला हवं.

अहवालात मृत म्हणून नोंदलेल्या ३,४४६ रुग्णांच्या नावे पुढच्या उपचारांसाठी ६.९७ कोटी रुपये दिले गेल्याचीही नोंद आहे. तिथेही मंत्रालयाने सांगितलं की तातडीचा रुग्ण असेल किंवा इंटरनेटची जोडणी अपुरी असेल, तर भरतीनंतर तीन दिवसांपर्यंत पूर्वमंजुरी मागता येते, आणि काही रुग्ण तेवढ्यात दगावतात. ही सवलत खेड्यातल्या माणसासाठी प्राणाइतकी मोलाची आहे. हीच फट लबाडालाही सापडते. फट बुजवली तर मरतो तो पुसेगावचा माणूस, म्हणून ती उघडी ठेवून मागाहून नीट तपासणं हाच एक मार्ग मला दिसतो.

१ जुलै २०२४ पासून महाराष्ट्रात सर्व कुटुंबांना पाच लाखांपर्यंतचं संरक्षण मिळालं. पांढऱ्या कार्डाचा सातबारा मागे पडला, फायली मात्र वाढणार. नाकारलेल्या प्रत्येक फायलीसाठी बाहेरच्या डॉक्टरचा हक्क कायद्याने द्यायला हवा, असं माझं ठाम मत आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतले प्राध्यापक यासाठी आहेतच. हिंगोलीची फाइल कोल्हापूरकडे, कोल्हापूरची नागपूरकडे, अशी पाळीने फिरवावी. आणि नाव-गाव झाकून प्रत्येक निर्णय कारणांसह मराठीत प्रसिद्ध करावा, म्हणजे ज्याला नकार मिळाला त्याला आपल्यासारख्याच दुसऱ्या रुग्णाचं काय झालं हे वाचता येईल.