कायदा कुणाचा, खेळणाऱ्याचा की कंपनीचा?

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, ‘ड्रीम इलेव्हन’चं नाव भारतीय संघाच्या जर्सीवरून उतरलं आणि बहुतेकांच्या लेखी विषय संपला. तो संपलेला नाही. हा कायदा परदेशातून चालणाऱ्या सेवांनाही लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड अशी शिक्षा त्यात आहे. पण कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाव बेटाचा परवाना घेऊन भारतीयांकडून पैजा घेणाऱ्या कंपनीला बेड्या कोण घालणार? मटक्याचे आकडेसुद्धा सुरुवातीला न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावांवर लागत. पण पैसे घेणारा मुंबईतच बसलेला असे, त्याच्यावर धाड घालता येत असे.

देशोदेशीच्या नियामकांनी एकत्र यावं, हे यावरचं नेहमीचं उत्तर. ते येतातही. त्यांची आंतरराष्ट्रीय संघटना आहे, युरोपातल्यांचं वेगळं व्यासपीठ आहे, 2015 मध्ये तिथल्या नियामकांनी माहितीच्या देवाणघेवाणीचा करारही केला. परवाना मागायला आलेल्या कंपनीची दुसऱ्या देशातली कर्मकहाणी त्यातून कळते, हे खरंच उपयोगाचं आहे. पण एका देशातला गुन्हा हा दुसऱ्या देशाचा महसूल असेल, तर माहिती देऊन-घेऊन काय होणार?

हा पेच सर्वांत स्वच्छ दिसतो तो एका व्याख्येत. सप्टेंबर 2014 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माकोलिन इथे ‘कौन्सिल ऑफ युरोप’ने मॅच फिक्सिंगविरुद्धचा करार सह्यांसाठी खुला केला. ग्राहक ज्या देशात आहे तिथल्या कायद्याला जे मान्य नाही ते बेटिंग बेकायदा, असं तो करार सांगतो. कंपनीचा परवाना कुठला, हा प्रश्नच उरत नाही. माल्टाला नेमकं हेच खुपलं. जेमतेम साडेपाच लाख वस्तीच्या या देशाने शेकडो जुगार कंपन्यांना परवाने दिले आहेत आणि त्या जगभर गिऱ्हाईक शोधतात. माल्टाच्या विरोधामुळे युरोपियन युनियनचं अनुमोदन वर्षानुवर्षं अडकून पडलं. करार 2019 मध्ये अमलात आला, तो युनियनला बाजूला ठेवून.

माल्टा तेवढ्यावर थांबला नाही. ऑस्ट्रिया आणि जर्मनीतल्या न्यायालयांनी हरलेले पैसे खेळाडूंना परत द्या, असे निकाल माल्टाच्या परवानाधारकांविरुद्ध दिले. त्यावर जून 2023 मध्ये माल्टाने आपल्या जुगार कायद्यात 56अ हे कलम घातलं. आपल्या कंपन्यांविरुद्धचे असे परदेशी निकाल माल्टाच्या न्यायालयांनी मानू नयेत, असा त्याचा अर्थ. एकाच युनियनमधले, एकच चलन वापरणारे देश! दोन वर्षांनी युरोपीय आयोगाने माल्टावर कारवाईची प्रक्रिया सुरू केली. जुगार नियामकांच्या परिषदांमधल्या सहकार्याच्या भाषणांवर माझा विश्वास बसत नाही, तो यामुळे.

मग बदल होतो कशाने? कुरासावकडे पाहा. नव्वदच्या दशकापासून तिथे चार मुख्य परवानाधारक इतरांना उपपरवाने विकत बसले होते आणि सरकारची देखरेख नावापुरती होती. हे बेट ज्याच्या राजसत्तेत येतं तो नेदरलँड्स वर्षानुवर्षं तक्रार करत होता. कोविडमध्ये बेटाची तिजोरी रिकामी झाली, तेव्हा डचांनी मदतीच्या कर्जाला जुगार सुधारणेची अट जोडली. डिसेंबर 2024 मध्ये नवा कायदा आला, उपपरवाने बंद झाले. तक्रारींनी जे साधलं नाही ते कर्जाच्या अटीने साधलं.

ब्रिटनने तर 2014 मध्येच ठरवलं की ब्रिटिश ग्राहकाला सेवा देणाऱ्याने, तो जिब्राल्टरला बसलेला असला तरी, ब्रिटनचाच परवाना घ्यायचा. बाजार मोठा असला की असं सांगता येतं. क्रिकेटच्या बाबतीत आपल्यापेक्षा मोठा बाजार कुणाकडे आहे? तरीही माकोलिन करारावर भारताची सही नाही. ऑस्ट्रेलिया आणि मोरोक्को युरोपात नाहीत, त्यांनी सह्या केल्या आहेत. 2013 च्या आयपीएलमधलं स्पॉट फिक्सिंग पाहिलेल्या देशाने बाहेर राहण्याचं मला एकही कारण पटत नाही; त्यातली व्याख्या तर आपल्याच बाजूची आहे.

नव्या कायद्यात प्राधिकरणाची तरतूद आहे. संकेतस्थळं बंद करण्याच्या आदेशांत त्याने आपली सगळी शक्ती घालवू नये, कारण तेच अ‍ॅप दुसऱ्या नावाने पुन्हा उघडायला वेळ लागत नाही. परवाना देणाऱ्या देशाला नाव, पुरावा आणि पैशाची वाट कळवून उत्तर मागणं, हे काम आधी हवं. कुरासावला भारताने आजवर अशा किती तक्रारी पाठवल्या, हा प्रश्न येत्या अधिवेशनात एखाद्या खासदाराने विचारावा.