अलिबाग ते तेल अवीव : अंतर किती, वेळ किती?

रायगडच्या किनाऱ्यावरून इस्रायलला गेलेल्या कुटुंबांची नातवंडे आजोबांचे गाव पाहायला अलिबागला, नवगावला येतात, तेव्हा गावकऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : विमानाला किती तास लागले? उत्तर मात्र ठरलेले नाही. दोन्ही शहरे जागची हलली नाहीत. तरी त्यांच्यामधला वेळ बदलला.

ही मंडळी म्हणजे आपले शनवारतेली, बेने इस्रायली. नवगावजवळ गलबत फुटून सात जोडपी वाचली, अशी त्यांची परंपरागत कथा. तेलाचा घाणा, शनिवारचा विसावा आणि पेणकर, रोहेकर, किहीमकर ही आडनावे घेऊन ती या मातीची झाली. १९४८ साली इस्रायल राष्ट्र स्थापन झाल्यावर त्यांतली बहुतेक कुटुंबे तिकडे गेली. जाताना मराठी घेऊन गेली.

आता हिशेब करू. पृथ्वीच्या गोलावर मुंबईपासून तेल अवीवपर्यंत दोरा ताणला, तर अंतर भरते सुमारे ४,०५० किलोमीटर. जेट विमान ताशी ८५० ते ९०० किलोमीटर वेगाने जाते. चढण्या-उतरण्याचा वेळ धरून साडेपाच तास पुरावेत. शाळकरी मुलालाही जमेल असा हा भागाकार. पण मुंबईहून निघणाऱ्या इस्रायली विमानाला वर्षानुवर्षे आठ तासांच्या आसपास लागत!

आकाशाला कुंपण नसते, असे आपण समजतो. १९४४ च्या शिकागो करारानुसार मात्र प्रत्येक राष्ट्राची सत्ता आपल्या भूमीवरच्या आकाशावरही चालते. सौदी अरबस्तान आणि ओमान यांनी इस्रायलला मान्यता दिलेली नव्हती. म्हणून त्या विमानाने अरबी समुद्रावरून नैर्ऋत्येला उतरायचे, येमेनला वळसा घालून बाब-एल-मांदेब गाठायचे आणि तांबड्या समुद्रावरून उत्तरेला चढायचे. आम्ही नकाशावर हा वळसा मोजला. तो दीड हजार किलोमीटरांचा निघतो. गंमत अशी की, चौलच्या बंदरातून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या जुन्या गलबतांचा मार्गही हाच!

२२ मार्च २०१८ रोजी एअर इंडियाचे दिल्लीहून निघालेले विमान प्रथमच सौदी आकाशातून तेल अवीवला उतरले आणि सुमारे दोन तास वाचले. इस्रायली विमानांना मात्र ती मुभा नव्हती. सौदीने २०२२ च्या जुलैत आपले आकाश सर्वांना खुले केले, तरी वाटेत ओमान होतेच. फेब्रुवारी २०२३ मध्ये ओमाननेही परवानगी दिली, तेव्हा कुठे सरळ रस्ता जुळला. कुठे युद्ध पेटले की असे रस्ते पुन्हा बंद होतात, ही गोष्ट निराळी.

राहिला वारा. हिवाळ्यात दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून जोराचा प्रवाह वाहतो. जाताना तो विमानाच्या तोंडावर येतो, परतताना पाठीशी असतो. म्हणून येणे जाण्यापेक्षा लवकर होते. घड्याळाने मात्र उलटेच वाटेल. इस्रायलचे घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. सरळ वाटेने मुंबईहून सकाळी सहाला निघालेला माणूस साडेपाच तास उडून तिथे आठ वाजताच उतरेल.

आणि पाहुणे मुंबईला उतरले, तरी अलिबाग रस्त्याने शंभरेक किलोमीटर उरतेच. वाऱ्याने वाचवलेला वेळ बहुधा वडखळच्या नाक्यावर खर्ची पडतो.