अठ्ठावीस किलोंची पोथी

आमच्या शाळेतील नववीच्या मुलामुलींची सहल आर्मेनियाला जाणार असे ठरले, तेव्हा पालकसभेत तेथील मठांविषयी एकही प्रश्न आला नाही. सारे प्रश्न आहाराचे होते. त्यांचे उत्तर आधी देऊन टाकते. जमिनीत बांधलेल्या भट्टीत भाजलेली लवाश नावाची पातळ रोटी, काकडी-टोमॅटो, अक्रोड, सुकी जर्दाळू आणि घरून नेलेले खाकरे यांवर आमचे छान निभावले. मे महिन्याच्या अखेरीस तेथे सूर्य आठनंतर मावळतो, त्यामुळे चोविहार पाळणाऱ्या मुलांची सोयच झाली.

परंपरेनुसार इ. स. ३०१ मध्ये या देशाने ख्रिस्ती धर्म राजधर्म म्हणून स्वीकारला. ज्या संत ग्रेगरींमुळे हे घडले, त्यांना त्यापूर्वी राजाने सुमारे तेरा वर्षे एका खोल विवरात कोंडले होते. खोर विराप येथील त्या विवरात मुले लोखंडी शिडीने उतरली. वर आल्यावर समोर बर्फाच्छादित अरारात पर्वत. आर्मेनियन माणसाच्या घराघरांत ज्याचे चित्र, तो पर्वत आज तुर्कस्तानात आहे आणि मधली सीमा बंद आहे. शत्रुंजय डोळ्यांसमोर दिसावा आणि पायथ्याशीही जाता येऊ नये, अशी कल्पना करून पाहा.

गेगार्दचा मठ पाहून मुले हरखली. त्याचा मोठा भाग डोंगर कोरून घडवलेला आहे. वेरूळच्या इंद्रसभेची आठवण व्हावी अशी ती दालने. एका दालनात तर कातळातूनच झरा वाहतो. पण बाहेर पडताना दाराशी एक कुटुंब कोकरू घेऊन उभे दिसले. नवसापोटी पशू अर्पण करून त्याचे मांस गोरगरिबांत वाटण्याची ‘मताघ’ ही तेथील जुनी चाल. धर्मगुरू मीठ मंत्रून देतात, ते आधी त्या जिवाला चारतात. परतताना बसमध्ये कोणीही गाणे म्हटले नाही. मलाही समजुतीचे शब्द सुचले नाहीत. जे पटत नाही त्याची सारवासारव कशाला करावी?

दुसऱ्या दिवशी येरेव्हानमधील मातेनादारान पाहिले. मातेनादारान म्हणजे हस्तलिखितांचे भांडार. पाटण-जैसलमेरच्या ज्ञानभांडारांच्या कुळातलेच. इ. स. ४०५ च्या सुमारास मेस्रोप माश्तोत्स या साधूने आर्मेनियन भाषेसाठी ३६ अक्षरांची लिपी घडवली. पुढे राज्ये बुडाली, लिपी राहिली. अनेक पोथ्यांच्या शेवटी लेखक आणि दाते यांची माहिती लिहिलेली असते. आपल्या पोथ्यांतील प्रशस्तीच ती. लुटीत गेलेली पोथी पैसे भरून परत आणली, तर ‘बंदिवासातून सोडवली’ असे तेथे नोंदवीत.

मूश येथील मठाची पोथी अशीच लोकवर्गणीतून सोडवलेली. तेराव्या शतकाच्या आरंभी पूर्ण झालेल्या या ग्रंथाचे वजन सुमारे २८ किलो आहे. शेजारीच अवघ्या १९ ग्रॅमची चिमुकली पोथी ठेवली आहे, म्हणून मुले हसत होती. मार्गदर्शक बाईंनी सांगितले, मोठ्या पोथीची पाने सुमारे सहाशे वासरांच्या कातड्याची आहेत. हसू थांबले.

१९१५ च्या भीषण संहारात दोन स्त्रियांना उद्ध्वस्त मठात ही पोथी सापडली. एकटीला पेलणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी तिचे दोन भाग केले. पळून जाताना माणसे अन्न घेतात, कपडे घेतात. यांनी ही पाने घेतली. एकीने आपला भाग एचमियाद्झिनच्या धर्मपीठापर्यंत पोहोचवला. दुसरा भाग एरझुरूमला जमिनीत पुरलेला राहिला, पुढे एका लष्करी अधिकाऱ्याच्या हाती लागला आणि कालांतराने दोन्ही भाग पुन्हा एकत्र आले.

ताडपत्रावरील धवला मूडबिद्रीत पाहून आलेली एक मुलगी बराच वेळ काचेपाशी उभी होती. म्हणाली, “बाई, या पुस्तकाला हात जोडवत नाहीत. पण त्या दोघींना जोडावेसे वाटतात.” मी तिला काहीच सुचवले नाही. तिने हात जोडले.

व्यापारी घरांतल्या मुलांना आणखी एक गोष्ट भावली. सतराव्या शतकात ज्या सुरतेत वीरजी व्होरांची पेढी होती, तेथेच आर्मेनियन व्यापारीही नांदत होते. त्यांचा देश तेव्हा तुर्क आणि इराणी सत्तांत वाटला गेला होता. आर्मेनियन भाषेतील जगातील पहिले नियतकालिक ‘अझ्दारार’ १७९४ मध्ये निघाले, ते आपल्या मद्रासला!

परतल्यावर पंधरा दिवसांनी एक मुलगा लाल कापडात बांधलेली पोथी घेऊन शाळेत आला. पणजोबांपासून कपाटात होती, ज्ञानपंचमीला तिची पूजा होई. वाचता मात्र घरात कोणालाच येत नव्हती. पडिमात्रेची जुनी नागरी, ८७ पाने. वजन करण्याचा मोह त्याला आवरला नव्हता: सव्वा किलो. शेवटच्या पानावरील प्रशस्तीत कोणा श्राविकेचे नाव आहे, इतके त्या दिवशी आम्हांला लागले. त्याला पाऊण तास गेला.