चष्म्याच्या काडीवरचे बारीक अक्षर

पोलादाची एक गोळी. व्यास सहा मिलिमीटर, वजन ०.८६ ग्रॅम, तुरीच्या दाण्याएवढी. प्रयोगशाळेत ती चष्म्याच्या काचेवर सेकंदाला ४५ मीटर वेगाने झाडतात. काच फुटली, तडकली किंवा चौकटीतून निसटली की चष्मा नापास. टिकला तर युरोपच्या ‘ईएन १६६’ या मानकानुसार त्याला ‘एफ’ हे अक्षर मिळते. वेग १२० मीटर केला की पुढचे अक्षर ‘बी’, आणि १९० मीटरचा मार सोसणाऱ्याला ‘ए’. यात एक मेख आहे. ‘बी’ मिळवायला डोळ्यांभोवती घट्ट बसणारा गॉगल लागतो आणि ‘ए’ तर पूर्ण चेहरा झाकणाऱ्या ढालीलाच मिळते. दोन काड्यांच्या चष्म्याची मजल ‘एफ’पर्यंतच.

आता जरा आकडेमोड. ‘एफ’च्या चाचणीतील गोळीची ऊर्जा भरते ०.८७ ज्यूल. दहा मीटर प्रकारातल्या एअर रायफलमधून सुटणारा शिशाचा छर्रा जेमतेम अर्धा ग्रॅम वजनाचा, पण सेकंदाला सुमारे १७५ मीटर वेगाने जातो. त्याची ऊर्जा आठ ज्यूलच्या आसपास, म्हणजे नऊपट. ऑलिंपिकच्या ५० मीटर प्रकारात वापरतात त्या ‘पॉइंट टू टू’ काडतुसाची गोळी सुमारे १४० ज्यूल घेऊन निघते. तेव्हा समोरून येणारी गोळी चष्म्याने अडवायची, हा विचारच सोडून द्यावा. ते काम रेंजच्या शिस्तीचे: नळी कायम निशाण्याकडे, बोट घोड्यापासून दूर, आणि आज्ञा झाल्याशिवाय कोणी रेषेपुढे पाऊल टाकायचे नाही.

चष्मा अडवतो ते परत फिरलेले आणि वाट चुकलेले तुकडे. शिशाचा छर्रा पोलादी पट्टीवर आपटला की चपटा होतो आणि बरीचशी ऊर्जा तिथेच गमावतो. तरी त्याचे कण, कधी अख्खा छर्रासुद्धा, मागे येतात. म्हणून छर्रे झेलणाऱ्या पेटीतली पट्टी तिरकी बसवतात, शिसे खाली पडावे म्हणून. काडतुसाच्या बंदुकीत आणखी एक धोका असतो. ‘टू टू’च्या पुंगळीची कड पातळ पितळेची असते, ती फाटली तर तापलेला वायू आणि पितळेची किरच नेमबाजाच्या तोंडाकडेच येते. २५ मीटर पिस्तूल प्रकारात रिकाम्या पुंगळ्या बाजूला उडतात, त्या गरमही असतात. शेजाऱ्याला लागू नयेत म्हणून दोन नेमबाजांच्या मध्ये पारदर्शक पडदा लावतात. डोळ्याच्या बाहुलीसमोरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, मध्यभागी अर्धा मिलिमीटर जाड असतो. एवढ्या जाडीला घायाळ करायला पाऊण ज्यूलही पुष्कळ.

कराड-विटा रस्त्यावरच्या कडेगावात किंवा आसपासच्या गावांत नेमबाजीची पहिली ओळख बहुतेकांना रेंजवर होतच नाही. ती होते जत्रेत, फुगे फोडायच्या बंदुकीने. लाकडी फळीवर रांगेने फुगे, हातभर अंतरावर मुलांचा घोळका, आणि कोणाच्याही डोळ्यांवर काही नाही. लाकूड मऊ असेल तर छर्रा रुततो. टणक गाठीवर किंवा खिळ्यावर बसला तर त्याच वाटेने परततो. शिशाऐवजी पोलादी छर्रे वापरले तर धोका वाढतो, कारण पोलाद चपटे होत नाही आणि ऊर्जा राखून उसळते. घराच्या गच्चीवर विटांच्या भिंतीसमोर पुठ्ठ्याचा निशाणा टांगून सराव करणाऱ्यांनाही हाच नियम लागू. चष्म्याआधी निशाण्यामागचा आडोसा तपासायला हवा.

या भागातल्या मुलाला गंभीरपणे शिकायचे तर जवळचे मोठे केंद्र कोल्हापूर. दुधाळीची रेंज, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत ही नावे तिकडची. सावंत यांनी २०१०मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनचे जागतिक विजेतेपद मिळवले. सरनोबत यांनी २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्ण आणले. मग १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक घेतले. कराडशेजारच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२मध्ये हेलसिंकीत मिळवलेल्या कुस्तीच्या कांस्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूने जिंकलेले हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मध्ये गेली ७२ वर्षे.

त्याच पॅरिसमुळे दोन चेहरे मोबाइलवर घरोघरी पोचले. दक्षिण कोरियाच्या किम ये-जी: एका डोळ्यापुढे यंत्रासारखे गोल भिंग, दुसऱ्यापुढे झापड. आणि तुर्कस्तानचे ५१ वर्षांचे युसुफ दिकेच: टी-शर्ट, एक हात खिशात, नाकावर नेहमीचा नंबरचा चष्मा. दोघांनाही रौप्यपदक. यातून पालकांनी काढायचा तो निष्कर्ष काढला. कोणी म्हणाले, चष्मा भारीतला हवा. कोणी म्हणाले, साधा चालतो. दोघांचाही प्रश्न एकच आणि तोच चुकलेला. किम यांचे भिंग असो की दिकेच यांचा चष्मा, दोन्ही नीट दिसावे म्हणून घातलेले होते. डोळा वाचवणे हे वेगळे काम आहे, आणि नव्या मुलासाठी खरेदीच्या यादीत तेच आधी यायला हवे.

जर्मनीच्या क्नोब्लोख किंवा स्वित्झर्लंडच्या चँपियन या कंपन्यांच्या चौकटी पाहिल्या की फरक लक्षात येतो. बारीक तारेचा सांगाडा, त्यात २३ किंवा ३७ मिलिमीटरचे एकच गोल भिंग, ते वर-खाली, डावी-उजवीकडे आणि तिरके सरकवायची सोय. पुढे लावायला आयरिस, म्हणजे लहान-मोठे करता येणारे छिद्र. छिद्र बारीक केले की जवळची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, आणि दूरचा निशाणा दोन्ही एकदम बऱ्यापैकी स्पष्ट दिसतात. कॅमेऱ्याचे छिद्र लहान केल्यावर होते तेच. दुसऱ्या डोळ्यापुढचे झापड दुधी रंगाचे असते. डोळा मिटून धरला तर चेहऱ्याचे स्नायू आखडतात. काळी पट्टी लावली तर त्या डोळ्याची बाहुली मोठी होते आणि तिच्या जोडीने नेम धरणाऱ्या डोळ्याचीही. दुधी झापडातून उजेड येतो, चित्र येत नाही. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमात या झापडाची रुंदी ३० मिलिमीटरपर्यंतच चालते. हे सारे सुंदर आहे. पण बाजूने, खालून, वरून डोळा उघडाच. महासंघाची नियमावली न फुटणारा चष्मा घालण्याचा आग्रह धरते तो वेगळ्या कलमात.

न फुटणारी काच म्हणजे बहुतेक वेळा पॉलीकार्बोनेट. १९५३मध्ये जर्मनीत बायर कंपनीचे हेरमान श्नेल आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकचे डॅनियल फॉक्स यांना ते एकमेकांच्या नकळत सापडले. काचेत एकदा तडा गेला की तो धावत सुटतो. पॉलीकार्बोनेटमधल्या लांब रेणुसाखळ्या मार बसल्यावर सरकतात, ताणल्या जातात आणि ऊर्जा पिऊन टाकतात. वर ते अतिनील किरणही अडवते. नेहमीच्या नंबरच्या चष्म्यात मात्र सहसा सीआर-३९ नावाचे दुसरे प्लॅस्टिक असते. दिसायला अधिक स्वच्छ, पण जोरदार माराला ठिसूळ.

‘अधिक स्वच्छ’ हे शब्द रायफलवाल्यांसाठी पोकळ नाहीत. भिंग रंगांना किती वेगळे पाडते हे मोजणारा ‘अबे अंक’ सीआर-३९साठी ५८ आहे, पॉलीकार्बोनेटसाठी ३०. अंक जितका कमी, तितकी रंगांची फाकणी जास्त. आता उणे दोन नंबरचा एक मुलगा पोटावर झोपून नेम धरतो आहे असे समजा. गाल रायफलवर टेकलेला, मान वाकडी; त्यामुळे तो भिंगाच्या मध्यातून न पाहता नाकाकडच्या वरच्या कोपऱ्यातून पाहतो, मध्यापासून साधारण एक सेंटिमीटर दूर. तिथे भिंग लोलकासारखे वागते. हिशेब केला तर ५० मीटरवर लाल आणि निळ्या कडांमधले अंतर सीआर-३९मध्ये सुमारे पावणेदोन सेंटिमीटर येते, पॉलीकार्बोनेटमध्ये तीनहून जास्त. त्या निशाण्यावरचे दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे! काळ्या वर्तुळाला रंगीत झालर दिसते आणि मुलगा म्हणतो, आज उजेड बरोबर नाही.

उपाय दोन. एक, सरकते भिंग डोळ्याच्या रेषेत आणणे. मध्यातून पाहिले की हा दोष जवळपास नाहीसा होतो. दुसरा, ट्रायव्हेक्स नावाचे २००१मध्ये बाजारात आलेले भिंग: अबे अंक चव्वेचाळीसच्या आसपास, वजनाला पॉलीकार्बोनेटहून हलके आणि मारालाही चिवट. स्वस्त नाही. नंबर नसलेल्या मुलाला याची काही गरज नाही, त्याला पॉलीकार्बोनेटच बरे. पिस्तूलवाल्यांचे गणित निराळे. त्यांना स्पष्ट दिसायला हवी ती हाताच्या अंतरावरची माशी. निशाणा थोडा धूसर चालतो. म्हणून चाळिशी लागलेले नेमबाज दूरच्या नंबरात साधारण अधिक अर्धा ते पाऊण मिळवून घेतात. बायफोकल इथे घात करतो, कारण मान हलली की काचेचा विभाग बदलतो.

खरेदीला कराड, विटा किंवा सांगलीला गेल्यावर पाहायचे ते काडीच्या आतल्या बाजूचे आणि काचेच्या कोपऱ्यातले बारीक अक्षर. इंग्रजी झेड, पुढे ८७ आणि अधिकचे चिन्ह असेल तर तो अमेरिकी मानकाच्या जोरदार माराच्या चाचणीतून गेलेला असतो. तिथेही ६.३५ मिलिमीटरची पोलादी गोळी जवळपास ‘एफ’च्याच वेगाने झाडतात. अधिकचे चिन्ह नसेल तर ती चाचणी झालेली नाही. भारतीय मानक ‘आयएस ५९८३’. ऑनलाइन ‘मिलिटरी’ असे लिहून काहीही विकतात. खऱ्या अमेरिकी लष्करी चाचणीत ०.३८ ग्रॅमचा तुकडा सेकंदाला सुमारे २०० मीटरने मारतात, म्हणजे एअर रायफलच्या छर्ऱ्याच्या जवळपास ऊर्जेने. त्या चाचणीच्या मानकाचा क्रमांक छापलेला नसेल तर ‘मिलिटरी’ हा शब्द सोडून द्यावा. उलट ग्राइंडर चालवणाऱ्यांसाठी हार्डवेअरच्या दुकानात काही शे रुपयांत मिळणारा पांढरा पॉलीकार्बोनेट चष्मा, अक्षर असेल तर, एअर रायफलच्या रेंजवर अगदी चालतो. नंबर असणाऱ्यांसाठी चष्म्यावरून घालायचा मोठा प्रकारही मिळतो.

रंगावरून दुकानदार बरेच काही सांगतो. पिवळी काच निळा प्रकाश कापते आणि ढगाळ हवेत निशाण्याचा उठाव वाढल्यासारखे वाटते. काहींना ते आवडते, गुण वाढतीलच असे नाही. बंदिस्त रेंजवर पांढरी काच सर्वांत बरी. पोलराइज्ड काच मात्र टाळावी: इलेक्ट्रॉनिक निशाण्याचा पडदा तिच्यातून काही कोनांतून काळा दिसतो. काड्या पातळ हव्यात, नाहीतर त्यावर चढवलेल्या इअरमफच्या फटीतून आवाज आत शिरतो. दहा-बारा वर्षांच्या मुलाला मोठ्यांचा चष्मा दिला तर भुवईपाशी बोटभर फट राहते. तिथूनच कण आत येतो. मान खाली-वर हलवून चष्मा नाकावरून घसरत नाही ना, हे दुकानातच बघावे, आणि जमले तर रायफल धरायच्या पवित्र्यात.

पॉलीकार्बोनेटचे एक दुखणे आहे: ओरखडे. कडक लेप असला तरी धुळीसकट कोरड्या रुमालाने पुसले की काच धुरकट होते. नेलपॉलिश काढायच्या ॲसिटोनने तर ती पार बिघडते. एकदा जोरात मार खाल्लेली काच वरून धड दिसली तरी बदलावी. रेंजवरून निघताना हातांना शिशाची पूड असते, म्हणून आधी हात साबणाने धुवायचे, मग चष्मा उतरवून नळाखाली धरायचा आणि ओल्या मऊ फडक्याने टिपायचा.