कोणाच्या डोळ्यांपासून लपायचं?

सांगा बघू, वाघाचा रंग कोणता? केशरी! हे तर बालवाडीतलं पोरही सांगेल. मग आता जरा अवघड प्रश्न. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याजवळ टिपेश्वरचं अभयारण्य आहे. १९९७ साली जाहीर झालेलं, सुमारे १४८ चौरस किलोमीटरचं, सागाच्या झाडांचं आणि गवताळ पट्ट्यांचं. पावसाळ्यात तिथं जिकडे बघावं तिकडे हिरवंच हिरवं. अशा हिरव्यागार गवतात भडक केशरी वाघ दबा धरून बसतो आणि जवळच चरणाऱ्या चितळाला त्याचा पत्ताही लागत नाही. असं कसं? चितळाला दिसत नाही की काय?

दिसतं, चांगलं दिसतं. पण त्याचे डोळे तुमच्या-माझ्यासारखे नाहीत. आपल्या डोळ्यांच्या आतल्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या शंक्वाकार पेशी असतात. आपल्याकडे त्या तीन प्रकारच्या. चितळ, सांबर, नीलगाय आणि आपल्या गोठ्यातली गाय यांच्याकडे मात्र दोनच प्रकारच्या. म्हणून केशरी आणि हिरवा यांतला फरक त्यांना नीट कळत नाही. आपल्याला जो वाघ केशरी दिसतो, तो चितळाला गवताच्याच रंगाचा वाटतो! वर अंगावर काळे पट्टे. म्हणजे गवताच्या पात्यांमधली सावलीच. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली संगणकाच्या मदतीनं लपण्याच्या रंगांचा अभ्यास केला, तेव्हा हीच गोष्ट पुढे आली. आणि गंमत म्हणजे वाघाला हिरवा होता येतच नाही. सस्तन प्राण्यांच्या केसांत काळा-तपकिरी आणि पिवळा-तांबडा अशीच रंगद्रव्यं तयार होतात, हिरवं होत नाही. मग समोरच्याला हिरवा वाटेल असा केशरी रंग असला, तरी काम झालंच की!

आता हेच उलटं करून बघू. मोर केवढा चमचमता! एवढा झगमगाट घेऊन रानात फिरतो, मग वाघ-बिबट्यांना तो लांबूनच दिसत असेल ना? तर वाघ-बिबट्यांकडेही रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या. २०१९ सालीच संशोधकांच्या दुसऱ्या एका गटानं मोराची पिसं शिकारी सस्तन प्राण्यांना कशी दिसत असतील ते मोजलं. हिरव्या पानांसमोर ती पिसं त्यांच्या नजरेत फारशी उठून दिसत नाहीत, असं आढळलं. लांडोरीच्या डोळ्यांना मात्र तोच पिसारा लखलखीत दिसतो. एकाच वेळी लपायचं आणि मिरवायचंही. आहे की नाही कमाल?

म्हणजे लपण्याचा पहिला नियम कळला का? "मी कोणत्या रंगाचे कपडे घालू?" हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, "मी कोणाच्या डोळ्यांपासून लपतोय?"

टर्कीसाठी वेगळा पोशाख

हा नियम अमेरिकेतल्या शिकाऱ्यांना चांगला ठाऊक आहे. तिथल्या रानांत हरणांची आणि टर्की नावाच्या मोठ्या पक्ष्याची शिकार ठरावीक मोसमात, परवाना काढून करता येते. हरणाच्या शिकारीला जाताना लोक अंगात झगझगीत नारिंगी जाकीट घालतात. बऱ्याच राज्यांत तसा कायदाच आहे. दुसऱ्या शिकाऱ्याला माणूस लांबून दिसावा आणि चुकून गोळी लागू नये, म्हणून. हरणाला तो नारिंगी रंग कळतच नाही, म्हणजे दोन्ही कामं साधली.

पण टर्कीसमोर ही युक्ती चालत नाही. टर्की, मोर, तित्तर, लावा आणि आपली कोंबडी हे सगळे एकाच कुळातले. या पक्ष्यांकडे रंग ओळखणाऱ्या पेशी चार प्रकारच्या असतात, आपल्यापेक्षा एक जास्त! शिवाय त्या पेशींमध्ये तेलाचे इवलेसे थेंब असतात. कुठे तांबडे, कुठे पिवळे, कुठे रंगहीन. प्रकाश या थेंबांतून गाळला जाऊन पुढे जातो, म्हणून जवळजवळचे दोन रंगही पक्ष्याला वेगवेगळे ओळखू येतात. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे मान न वळवताही त्याला बरंचसं मागचं दिसतं. आणि हालचाल? बोट जरी हललं, तरी त्याच्या ध्यानात येतं.

म्हणून टर्कीचा शिकारी पायापासून डोक्यापर्यंत पानाफांद्यांच्या नक्षीचे कपडे घालतो. हातमोजे घालतो, तोंडावर जाळीचा रुमाल बांधतो. आपल्या खांद्यांपेक्षा रुंद खोडाला पाठ टेकून बसतो, म्हणजे अंगाची बाह्यरेषा खोडात मिसळून जाते. एवढं सगळं करूनही फजिती कुठे होते माहीत आहे? मोज्यांपाशी! खाली बसलं की पँट वर सरकते आणि पांढरे मोजे डोकावतात. तेवढी पांढरी पट्टी टर्कीला पुरते.

आणखी एक कडक नियम आहे. लाल, पांढरा आणि निळा हे तीन रंग अंगावर नकोत, खिशातला हातरुमालसुद्धा या रंगांचा नको. का बरं? कारण टर्कीच्या नराचं डोकं याच तीन रंगांचं असतं, आणि झुडपाआड हलणारा रुमाल बघून दुसरा शिकारी फसू शकतो. टर्कीच्या डोक्यावर पिसं नसतात. तिथल्या कातडीतल्या रक्तवाहिन्या फुगल्या की ती लाल होते, आकसल्या की निळी-पांढरी दिसते. ही गंमत बादशहा जहांगीरनंही टिपून ठेवली होती. १६१२ साली त्याच्या सरदारानं, मुकर्रब खानानं, गोव्याहून त्याच्यासाठी एक टर्की आणला. पोर्तुगिजांमुळे हे अमेरिकेतलं पाखरू गोव्याच्या बंदरात पोचलं होतं. जहांगीरानं दरबारातल्या उस्ताद मन्सूरकडून त्याचं चित्र काढून घेतलं. ते चित्र आजही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

शर्ट उजळतो, आणि उघडं पाडतो

पक्ष्यांची ती चौथी पेशी कसला रंग बघते? जांभळा, आणि थोडा जांभळ्याच्याही पलीकडचा. तिथून पुढे अतिनील किरण सुरू होतात. आपल्याला ते दिसत नाहीत, पण पक्ष्यांना त्यांतले काही दिसतात.

याचा आपल्या कपड्यांशी काय संबंध? धुण्याच्या बऱ्याच पावडरींत कपडे उजळ दिसावेत म्हणून एक रसायन घातलेलं असतं. ते अतिनील किरण शोषून घेतं आणि त्यांच्या बदल्यात निळसर प्रकाश बाहेर टाकतं. म्हणून कपडा "पांढराशुभ्र" वाटतो. हे डोळ्यांनी बघायचंय? नोटा तपासायचा जांभळा दिवा ओळखीच्या दुकानात असेल, तर मोठ्यांना विचारून त्याखाली धुतलेला पांढरा शर्ट धरा. शर्ट निळसर झगमगायला लागतो! बाजूला जुनं, पावडर न लागलेलं सुती फडकं धरलं, तर ते मंदच राहतं. दिव्याकडे मात्र थेट बघायचं नाही हं. आता विचार करा, हाच शर्ट घालून तुम्ही धुऱ्यावर दबून बसलात, तर तित्तराला काय वाटेल?

आपल्याकडची हुशारी

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं रानातल्या पशुपक्ष्यांची शिकार बंद आहे. मोर तर १९६३ पासून आपला राष्ट्रीय पक्षी. पण या कायद्याच्या कितीतरी आधीपासून विदर्भातल्या फासेपारध्यांना पक्ष्यांच्या नजरेची नस सापडलेली होती. त्यांचे पूर्वज पिंजऱ्यातला पाळीव तित्तर रानात नेऊन ठेवत. तो ओरडला की रानातला तित्तर भांडायला धावून येई आणि वाटेत मांडलेल्या फाशांत अडके. आणि मोकळ्या माळावर, जिथं लपायला झुडूपही नाही, तिथं काय करत? शिकवून तयार केलेल्या बैलाच्या आडून चालत जात! पाखरांना चरणाऱ्या ढोरांची सवय असते. बैल दिसला की ती निर्धास्त. माणसाचा आकारच दिसेना, तर भ्यायचं कोणाला? कपड्यांवर नक्षी छापण्याची गरजच उरली नाही.

हे ज्ञान आता पक्षी वाचवायला कामी येतं आहे. यवतमाळच्या शेजारच्या अकोला-वाशिम भागात 'संवेदना' संस्था फासेपारध्यांच्या सोबतीनं गवताळ रानं आणि तिथला दुर्मीळ तणमोर जपायचं काम करते. तणमोर कुठल्या गवतात उतरतो, कुठे लपतो, हे या लोकांइतकं कोणाला ठाऊक असणार?

आणि लपण्यातला खरा उस्ताद बघायचा असेल, तर रातवा बघा. हा पक्षी रात्री किडे पकडतो आणि दिवसा जमिनीवर, पाचोळ्यात निवांत बसून राहतो. अंगावर राखाडी, तपकिरी, काळ्या रेघा. पाय पडायची वेळ आली तरी जागचा हलत नाही. डोळे मोठे, काळेभोर. ते चमकून घात होऊ नये म्हणून पापण्या मिटून नुसती फट ठेवतो. आफ्रिकेतल्या झांबिया देशात संशोधकांनी रातव्यांसारख्या जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांचे फोटो काढून मोजमाप केलं. प्रत्येक पक्षी आपल्या स्वतःच्या पिसांच्या किंवा अंड्यांच्या नक्षीला शोभेल अशी जागा निवडतो, असं त्यांना दिसलं. आपण जागा बघून कपडे निवडतो, हे पक्षी आपले कपडे बघून जागा निवडतात!

मग आपण काय घालायचं?

आपल्याला शिकार करायची नाही, पाखरं बघायची आहेत. त्यासाठी दुकानातले महागडे नक्षीदार कपडे अजिबात लागत नाहीत.

आधी बाहेर बघा, मग कपाट उघडा. उन्हाळ्याच्या तोंडाला साग पानं टाकतो आणि खाली तपकिरी पाचोळा साचतो. तेव्हा मातकट, तपकिरी, खाकी कपडे घाला. पावसाळ्यात मळका हिरवा चालतो, पण पोपटी नको. पांढरा, लाल आणि झळाळता निळा घरीच ठेवा. कापड सुती असू द्या. आपला यवतमाळ जिल्हा कापसाचा, सुती कापड आपल्याला नवं नाही. नायलॉनचं जाकीट काट्याला घासलं की खरर् आवाज करतं, सुती कापड गप्प राहतं. बाह्या पूर्ण हव्यात. उन्हासाठी आपण दुपट्टा बांधतोच, तोच मातकट रंगाचा घ्या आणि चेहराही झाका. पक्ष्यांना सगळ्यांत आधी दिसतात ते आपले चेहरा आणि हात, कारण तेच सारखे हलतात. मोजे विसरू नका!

असा शर्ट घरीही करता येतो. जुना पांढरा सुती शर्ट घ्या. आईबाबांच्या मदतीनं चहाचा चोथा पाण्यात उकळा, पाणी गाळून त्यात शर्ट रात्रभर भिजत ठेवा. सकाळी मस्त मातकट रंग येतो. मग सागाचं कोवळं पान घेऊन कापडावर चुरडा. पान हिरवं, पण डाग उमटतो तांबडा-विटकरी! असे मोठे-लहान डाग वेडेवाकडे पडू द्या. सारखे, ओळीत नकोत. वेड्यावाकड्या डागांनी अंगाची बाह्यरेषा तुटते आणि बघणाऱ्याला "हा माणूस" असं एकदम ओळखू येत नाही.

जागा कोणती? अभयारण्यात गाडीतून उतरायचं नाही, आणि रानात एकट्यानं जायचं नाही. तिथं वाघ आहेत. घरातल्या मोठ्या माणसासोबत आपल्या वावराच्या धुऱ्यावर, पऱ्हाटीच्या कडेला बसलात तरी पुष्कळ. पायात बूट हवेत. घरट्याजवळ मात्र जायचं नाही, कितीही चांगले लपलात तरी.

आता करा एक प्रयोग. एका सकाळी नेहमीचा उजळ शर्ट घालून झाडाला टेकून अर्धा तास बसा आणि सगळ्यांत जवळ आलेलं पाखरू किती पावलांवर होतं ते वहीत लिहा. दुसऱ्या सकाळी तीच जागा, तीच वेळ, पण अंगात चहात रंगवलेला शर्ट. पुन्हा मोजा. तिसऱ्या सकाळी तोच रंगवलेला शर्ट घाला, पण मधूनमधून हात हलवा. तीन आकडे एकमेकांशेजारी मांडले की तुमचं तुम्हालाच कळेल, तुमच्या वावरातल्या पाखरांना काय आधी दिसतं, रंग की हालचाल. हे उत्तर कुठल्याही पुस्तकात नाही. ते शोधणारे पहिले संशोधक तुम्हीच!