शके ७२ : एका वादळाचे वर्ष आणि संस्कृत गद्य

संस्कृत गद्याच्या इतिहासात इ. स. १५० हे वर्ष इतक्या वेळा उद्धृत झाले आहे की ते एखाद्या ग्रंथाच्या प्रकाशनवर्षासारखे वाटू लागले आहे. महाक्षत्रप रुद्रदामनाचा जुनागढ येथील शिलालेख त्या वर्षी कोरला गेला, असे वाङ्मयेतिहासांत सहजपणे लिहिले जाते. लेख मुळातून वाचणाऱ्यास मात्र निराळेच काही दिसते. त्यात नमूद केलेले वर्ष लेखाचे नाही. ते एका वादळाचे आहे.

ज्या शिळेवर अशोकाच्या चौदा धर्माज्ञा कोरलेल्या आहेत तिच्यावरच हा लेख आहे. रुद्रदामनाच्या ७२ व्या वर्षी, मार्गशीर्ष वद्य प्रतिपदेस, प्रचंड पर्जन्यवृष्टी झाली. ऊर्जयत् पर्वतावरून निघणाऱ्या सुवर्णसिकता, पलाशिनी इत्यादी नद्यांना महापूर आला आणि सुदर्शन तलावाचा बांध फुटला, असे तो सांगतो. ७२ हे राज्यवर्ष असणे अशक्य. पुढे 'शक' या नावाने रूढ झालेल्या गणनेचाच हा आकडा होय. कच्छमधील अंधौ येथील लेखांत चष्टन व रुद्रदामन यांची नावे ५२ या वर्षाखाली, म्हणजे इ. स. १३० मध्ये, एकत्र येतात, त्यावरून या गणनेस पुष्टी मिळते. तेव्हा ही आपत्ती इ. स. १५० च्या नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमाराची ठरते. मार्गशीर्ष हा काही पावसाचा महिना नव्हे. परंतु पावसाळा सरल्यावर अरबी समुद्रात उठणाऱ्या वादळांची ज्यास कल्पना आहे, त्यास या तिथीचे आश्चर्य वाटणार नाही.

पुढील कथन अधिक महत्त्वाचे आहे. बांधास पडलेले खिंडार ४२० हात लांब, तितकेच रुंद व ७५ हात खोल होते. काम अवाढव्य म्हणून राजाच्या सल्लागार व कार्यकारी अशा दोन्ही प्रकारच्या सचिवांनी त्यास विरोध केला. बांध पुन्हा होत नाही असे पाहून प्रजा हवालदिल झाली. अखेर आनर्त-सुराष्ट्राचा अधिकारी, कुलैपाचा पुत्र पह्लव सुविशाख याने पूर्वीच्या तिप्पट बळकट बांध घातला, आणि त्यासाठी कर, वेठ वा सक्तीची वर्गणी प्रजेवर लादली गेली नाही. हे सारे फार दीर्घ नसलेल्या काळात पार पडले, एवढेच लेखक म्हणतो. तो काळ दोन वर्षांचा की दहा, याविषयी तो मौन पाळतो. सारांश, इ. स. १५० ही या गद्याची पूर्वमर्यादा आहे, तारीख नव्हे.

ही दुरुस्ती क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. गुप्तकालापूर्वी अलंकृत काव्यशैली प्रचलित होती, हे ब्यूलर यांनी १८९० मध्ये या व अन्य लेखांच्या आधारे दाखवून दिले. त्या निष्कर्षास चार-दोन वर्षांनी धक्का बसत नाही. धक्का बसतो तो दुसऱ्या एका समजुतीस. शक राजाने एका विशिष्ट क्षणी संस्कृतास राजपीठावर बसविले आणि प्राकृत मागे पडले, असे चित्र या एका आकड्याभोवती उभे केले जाते. घोसुंडी व अयोध्या येथील संस्कृत लेख याहून जुने आहेत. ते लहान आहेत, इतकेच. दुसऱ्या बाजूस, नाशिकच्या लेण्यातील गौतमी बलश्रीचा लेख पुळुमावीच्या १९ व्या वर्षाचा. टॉलेमीने पैठणचा पुळुमावी आणि उज्जयिनीचा चष्टन या दोघांचाही उल्लेख केलेला असल्याने हे दोन लेख काळाने फार दूरचे नाहीत. बलश्रीचा लेख प्राकृतात आहे, तरीही दीर्घ समासांची रचना, विशेषणांची रास, राजाची पुराणपुरुषांशी तुलना, हे सारे त्यात आहे. शैली सामाईक होती, भाषा भिन्न होत्या. प्रस्तुत लेखकास तर नाशिकची प्रशस्ती काही ठिकाणी जुनागढहून अधिक ओघवती वाटते.

जुनागढचा रचनाकारही प्राकृताच्या शेजारातच वावरत होता. गद्यपद्याच्या स्पष्ट, मधुर, अलंकृत इत्यादी गुणांत राजा निपुण असल्याचे सांगणाऱ्या याच लेखात खिंडाराचे माप देताना 'वीशत्' असे रूप येते. पाणिनीय दृष्टीने ते सदोष, पण मराठीतील 'वीस' ओळखणाऱ्या कानास परिचित.

रुद्रदामनाने दक्षिणापथाच्या सातकर्णीस दोनदा जिंकूनही नात्याच्या निकटतेमुळे त्याचा उच्छेद केला नाही, असे हा लेख म्हणतो. कान्हेरीच्या एका खंडित लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक कुळातील असल्याचे म्हटले आहे. तिच्या पित्याच्या, एका महाक्षत्रपाच्या, नावाचे 'रु' एवढेच अक्षर शिल्लक आहे. तिच्या अमात्याने दिलेल्या पाण्याच्या टाक्याची नोंद त्यात आहे आणि ती संस्कृतात आहे. सातवाहनांच्या प्रदेशात ही भाषा या वेळी एका सुनेबरोबर आली असावी.