नामसाधर्म्य कीं कारस्थान?

निवडणूक हरली म्हणजे हरलेल्या पक्षाच्या कार्यकर्त्यांच्या तोंडीं पहिला शब्द येतो तो 'कारस्थान'. सुशिक्षित मंडळी या शब्दाला हंसतात. आम्हीही हंसत आलों. परंतु कोलाडच्या पंचक्रोशींत घडलेली एक गोष्ट आमचें हंसें आंवरावयास लावणारी आहे.

मुंबई-गोवा रस्त्यानें जाणाऱ्यांस कोलाड ठाऊक असतें तें कुंडलिका नदीमुळें. रोहा तालुक्यांतील या गांवाच्या जवळच सुतारवाडी आहे. सुनील तटकरे तेथले. २०१४ सालीं रायगड मतदारसंघांतून ते राष्ट्रवादी काँग्रेसतर्फे लोकसभेसाठीं उभे राहिले. समोर शिवसेनेचे अनंत गीते होते. आपल्या भागांतला माणूस उभा राहिला म्हणजे गांवोगांवच्या पोरांस जो हुरूप चढतो, तो कोंकणांत सांगावयास नको. याद्या घेऊन उन्हांतून हिंडावें, म्हाताऱ्या माणसांस हात धरून केंद्रावर न्यावें, आणि घरीं आल्यावर वडील मंडळींचीं बोलणीं खावीं! दोन्ही पक्षांकडे असे लोक असतात, आणि लोकशाहीचा गाडा खरोखर तेच ओढतात.

१६ मे २०१४ रोजीं मोजणी झाली. गीते यांस ३,९६,१७८ मतें पडलीं व तटकरे यांस ३,९४,०६८. अंतर अवघें २,११०. त्याच यादींत सुनील तटकरे याच नांवाचे दुसरे एक अपक्ष उमेदवार होते. त्यांस मिळालीं ९,८४९. म्हणजे पराभवाच्या अंतराच्या साडेचार पटींहूनही अधिक. ज्यानें दारोदार जाऊन "तटकऱ्यांना मत द्या" म्हणून विनविलें, त्याच्या मनांत हे आंकडे पाहून शंका आली, तर त्याला वेडा म्हणतां येईल काय?

तथापि शंका म्हणजे पुरावा नव्हे. त्या मतांपैकीं चुकून पडलेलीं किती आणि जाणूनबुजून दिलेलीं किती, हें कोणतीही मोजणी सांगूं शकत नाहीं. सारख्या नांवाच्या माणसानें उभें राहूं नये असा कायदाही नाहीं. आईबापांनीं ठेवलेल्या नांवामुळें कोणाचा उभें राहण्याचा हक्क कसा हिरावून घ्यावा, असाच सवाल सर्वोच्च न्यायालयानें २०२४ सालीं केला. शिवाय याच निवडणुकींत शेतकरी कामगार पक्षाच्या उमेदवारानें सव्वा लाखाहून अधिक मतें घेतलीं होतीं. पराभवाचीं कारणें अशीं अनेक असतात. कारस्थानाचा शब्द उच्चारला कीं बाकीचीं सारीं दृष्टीआड होतात. आणि गीते यांच्या कार्यकर्त्यांनींही घाम गाळलाच होता. त्यांच्या विजयाला पुराव्यावांचून चोरी म्हणणें हा त्यांच्या कष्टांचा अपमान होय.

मग या तक्रारीत तथ्य नव्हतें काय? होतें, पण तें मनुष्यापेक्षां व्यवस्थेच्या उणिवेंत होतें. केरळांत आलप्पुळा येथें २००४ सालीं व्ही. एम्. सुधीरन् १,००९ मतांनीं हरले, आणि त्यांच्याशीं मिळत्या नांवाच्या उमेदवारास आठ हजारांवर मतें पडलीं. म्हणजे धोका दहा वर्षें डोळ्यांसमोर होता. तरी २०१४ सालीं यंत्रावर नांव आणि चिन्ह एवढेंच असे. ज्याची नजर मंद, त्यानें घाईंत काय ओळखावें? अखेर निवडणूक आयोगानें १ मे २०१५ पासून मतपत्रिकेवर उमेदवाराचें छायाचित्र घालण्याचा नियम केला. आरडाओरडीनें जें साधलें नसतें, तें एका लहानशा चित्रानें साधण्याची सोय झाली.

पुढें २०१९ सालीं तटकरे यांनीं गीते यांस ३१,४३८ मतांनीं हरविलें, आणि २०२४ सालीं ८२,७८४ मतांनीं. या शेवटच्या खेपेस गीते यांच्याच नांवाचे अपक्ष उभे होते! काल एका गोटांत शिरलेली शंका आज दुसऱ्याच्या दारीं आली.

एकत्र कुटुंबांत एक भाऊ एका पक्षाचा, दुसरा दुसऱ्याचा, असें आतां घरोघर आढळतें. मतदान एका दिवसांत संपतें. परंतु 'तुमच्या लोकांनीं कपट केलें' हें वाक्य पांच वर्षें पंगतीला बसतें. म्हणून शंका आली तर ती जरूर बोलावी, पण तिला आधीं पुरावा विचारावा. आणि पुरावा नसेल तर निदान उपाय विचारावा. उत्साह टिकतो तो अशानेंच, आणि घरही.